रडत नव्हते, गरम होत होतं

माझ्या चेहऱ्यावरून पाणी वाहायचं आणि मी ते पदराने पुसायचे, एवढंच लोकांना दिसायचं. नवरा जाऊन वर्ष झालेली बाई तोंड पुसते म्हणजे ती रडते, असं कोणीही समजेल. मीही तसंच समजत होते. तो घाम आहे हे कळायला आम्हा सगळ्यांनाच बराच वेळ लागला. कळलं तेही अशा एका डॉक्टरांमुळे, ज्यांचं निम्मं आयुष्य पोलादाच्या कारखान्यात पुरुषांना तपासण्यात गेलं होतं.

ऑफिसात जाणाऱ्या, पन्नाशीच्या आगेमागे असलेल्या बायकांसाठी हे लिहिते आहे. सावकाश लिहिते, कारण मला सावकाशच लिहिता येतं. औषधांची नावं इथे मिळणार नाहीत, ती ज्याची त्याने डॉक्टरांकडूनच घ्यावीत. मी फक्त काय काय झालं ते सांगणार आहे, आणि त्यात हसण्यासारखं बरंच आहे.

सत्काराची शाल

नवा रायपूरमधल्या एका सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या ग्रंथालयात मी काम करते. रायपूर शहरातल्या समता कॉलनीतल्या घरून स्टाफच्या बसने जायचं, त्याच बसने परत यायचं. ती चुकली तर त्या रुंद रस्त्यांवर दुसरं वाहन मिळेलच याची खात्री नाही. वाचनकक्षात पश्चिमेच्या काचेच्या भिंतीला लागून माझं टेबल होतं. ती जागा मीच मागून घेतली होती, कारण तिथे उजेड चांगला येतो.

हे, म्हणजे माझे यजमान, रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि संपलं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. एक सवय मात्र सांगते, कारण तिचं काम पुढे पडणार आहे. गाडी सुटण्याआधी शिट्टी द्यावी तसे हे कुठल्याही खोलीत शिरण्याआधी दोनदा घसा खाकरायचे. स्वतःच्या घरातसुद्धा. आमची केतकी लहानपणी म्हणायची, "पापा की गाडी आ रही है."

वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतर काही दिवसांतच ते पहिल्यांदा झालं. मी पुस्तक देत होते. अचानक छातीतून काहीतरी तापलेलं वर चढलं, मान, कान, चेहरा पेटल्यासारखा झाला, आणि मग घामाच्या धारा. मी खाली मान घालून पदराने तोंड पुसू लागले. वाचनकक्ष एकदम गप्प झाला. माझी सहकारी पुष्पा उठली आणि तिने एसी बंद केला. मोहनभैया, आमचे शिपाई, पळत जाऊन आल्याचा कडक चहा घेऊन आले. पाहुण्यांच्या सत्कारासाठी आणलेल्या शाली आमच्याच कपाटात असतात. त्यातली एक काढून पुष्पाने माझ्या खांद्यावर घातली.

"रो लो दीदी," ती हळूच म्हणाली. "मन हल्का हो जाथे."

उकळता चहा, बंद एसी, वर लोकरीची शाल. मला वाटलं आता मी विरघळणार. पण त्यांचे चेहरे इतके काळजीचे होते की मी चहा प्यायले.

यानंतर दर दोन-चार दिवसांनी माझा असा सत्कार होऊ लागला. प्रशिक्षणाला आलेली तरुण मुलं माझ्या टेबलासमोरून जाताना आवाज खाली आणायची. एकाने तर पुस्तक परत करताना हात जोडले, पुण्यस्मरणाच्या फोटोसमोर जोडतात तसे.

गंमत म्हणजे मला ते पटत होतं. दुःखाने माणूस तापतो, दुःखाने झोप उडते, दुःखाने वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं, हे सगळं मी पुस्तकांतून वाचलं होतं. ज्या कपाटातलं पुस्तक मी डोळे मिटून काढून देत असे, त्यासमोर उभी राहून मी काय शोधायला आले होते तेच विसरू लागले. सगळ्याचं खातं एकाच नावावर होतं. पाळी कधी यायची, कधी दोन-दोन महिने गायब व्हायची. तिच्याकडे तर मी पाहतही नव्हते. नवरा गेल्यावर पाळीचा हिशेब कोण ठेवतं?

माघातला पंखा

सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या अमरावतीकडच्या. रायपुरात चाळीस वर्षं काढली तरी बोली तिकडचीच. मुलगा गेल्यावर त्यांनी आपली खाट माझ्या खोलीत आणली. कोणी कोणाला सोबत करायची हे आम्ही ठरवलं नाही.

माघातल्या एका रविवारी दुपारी आम्ही मटार सोलत बसलो होतो. मी उठून पंखा लावला.

"काहून लावला वं पंखा? हाडं गारठून राहिली माही."

"आई, मला उकडतंय."

"माघात उकडते का कोनाले? मानसं शेकोटी पेटवून राहिले, अन् तू पंखा!"

त्यांनी उठून बटन बंद केलं. थोड्या वेळाने मी पुन्हा लावलं. त्यांनी पुन्हा बंद केलं. केतकी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आजी, मम्मी को गर्मी लगती है तो आप उधर वाले रूम में बैठो ना."

"पोट्टी, माह्याशी मराठीत बोल आंधी. मंग मले खोलीतून काढ."

केतकी हसली, मीही हसले, पण रात्री उशी भिजलेली असायची आणि मी चिडलेली. सासूबाईंवर, पंख्यावर, यांच्या फोटोवरसुद्धा. मी चिडणाऱ्यांतली नाही. आपण आतून कोणीतरी वेगळीच बाई होत चाललो आहोत अशी भीती वाटायची, आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती.

हृदय ठीक आहे

एके दिवशी ऑफिसात जिना चढून आले आणि छातीत धडधड सुरू झाली. थांबेचना. मी टेबलाची कड धरून उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढे यांचा छातीवरचा हात होता. दुसरं काही सुचलं नाही. केतकीचं शिक्षण, आईंच्या गोळ्या, कपाटाची किल्ली कुठे आहे, एवढे तीन विचार मात्र एकामागून एक आले.

पुष्पाने मला तळमजल्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर साहू नवीन आले होते. जाड चष्मा, पांढऱ्या मिशा, आणि आवाज इतका मोठा की बाहेरच्या बाकावरचा माणूस दचकावा. आयुष्यभर यंत्रांच्या गडगडाटात बोलायची सवय. निवृत्तीनंतर ते आमच्या संस्थेत अर्धवेळ डॉक्टर म्हणून आले होते.

त्यांनी लगेच ईसीजी काढला. पट्टी उजेडात धरून पाहिली.

"दिल आपका एकदम फर्स्ट क्लास है, मैडम."

मला रडू यायला हवं होतं, पण हसू आलं. "तो फिर ये क्या है?"

त्यांनी रक्ताच्या दोन-तीन तपासण्या लिहिल्या, रक्तदाब घेतला, झोपेचं विचारलं. मग म्हणाले, "घर में कोई टेंशन?"

मी बोलायच्या आत पुष्पा बोलली, "सर, दीदी के हसबैंड..."

डॉक्टरांनी चष्मा काढला. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "ओह. माफ़ कीजिए."

आणि तपासणी तिथेच संपली. आज वाटतं, सगळ्यात जवळचं कारण हाताशी आलं की पुढे कोणी शोधत नाही. चांगली माणसंही नाही, डॉक्टरही नाहीत, आणि मी स्वतः तर नाहीच. त्यांनी विश्रांती लिहून दिली. तपासण्यांत काही वावगं निघालं नाही.

विश्रांती

विश्रांतीचे ते दिवस मला आजारापेक्षा जड गेले. सकाळी केतकी कॉलेजला जायची. मग मी आणि सासूबाई. यांच्या खुर्चीवर कोणी बसत नाही आणि ती कोणी उचलतही नाही. आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना बसायचो. फोन यायचे, "कशी आहेस?" मी म्हणायचे, "बरी आहे." नागपूरच्या नणंदबाई म्हणाल्या, "नोकरी सोड आता वहिनी. किती दगदग करशील?" घाम येतच होता. रजा पूर्ण न करताच मी कामावर परतले.

परतले तर माझ्यासाठी एक बातमी तयार होती. संस्थेची जुन्या शहरात एक जुनी इमारत आहे. कालबाह्य झालेली पुस्तकं तिथे गोदामात ठेवतात. संचालकसाहेबांनी माझी तिथे बदली ठरवली होती, पुढच्या महिन्यापासून.

"घर के पास है," ते मायेने म्हणाले. "कोई आता-जाता नहीं. आराम से बैठिए. इस समय आपको शांति चाहिए."

ते खरोखर चांगलं करत होते. बसचा त्रास नाही, वाचकांची कटकट नाही. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मोहनभैया म्हणाले, "साहब देवता आदमी हैं."

मी ते गोदाम पाहिलेलं होतं. एक ट्यूबलाइट, आणि भिंतीला लावलेले गठ्ठे. तिथे कोणी "मॅडम, हे कुठे मिळेल?" असं विचारायला येणार नव्हतं. हे गेल्यापासून घरातल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वाचनकक्षात मात्र दिवसातून अनेकदा कोणीतरी प्रश्न घेऊन यायचं आणि मी उठून त्याच्या हातात उत्तर ठेवायचे. तेवढ्यावर माझा दिवस उभा होता. पण दयेला नाही कसं म्हणायचं? आणि नाही म्हणून पुन्हा त्यांच्यासमोर तोंड पुसत बसले तर? दहापैकी आठ वेळा मीच मनात म्हणत होते, बरोबर आहे त्यांचं, आपल्याला झेपत नाही.

शाल हटाओ

डॉक्टर साहू दुपारच्या सुट्टीत वर्तमानपत्रं वाचायला वर यायचे. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ते ओठ हलवत अग्रलेख वाचत.

त्या दुपारी बाहेर चैत्राचं ऊन होतं. मी एका मुलीला पुस्तक देत होते आणि ते चढलं. मी पदर तोंडाला लावला. सगळं नेहमीच्या क्रमाने झालं. कक्ष गप्प, एसी बंद, मोहनभैया चहाला, पुष्पा शाल घेऊन हजर.

"रुको!"

वाचनकक्षात इतक्या मोठ्याने कोणी कधी बोललं नव्हतं.

"शाल हटाओ! एसी किसने बंद किया?"

पुष्पाच्या हातातून शाल पडली. डॉक्टर वर्तमानपत्र घेऊनच माझ्या टेबलाशी आले. त्यांनी माझी नाडी पाहिली नाही. आधी हाताची मागची बाजू काचेच्या भिंतीला लावली आणि झटकन काढली. मग माझ्या मानेकडे पाहिलं, तिथे लाल चट्टे उठले होते. मग वर्तमानपत्राने मला वारा घालू लागले.

"मैडम, एक बात बताइए. आप रो रही हैं?"

इतक्या महिन्यांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी विचार केला. "पता नहीं," मी म्हणाले. ते खरं उत्तर होतं.

"मैंने भट्ठी पर आदमी देखे हैं," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "ये रो नहीं रही हैं. ये तप रही हैं."

मोहनभैया चहा घेऊन दारात उभे होते. त्यांनी तो तिथेच उभ्या उभ्या स्वतः पिऊन टाकला.

जो प्रश्न राहून गेला

खाली दवाखान्यात पुष्पा माझ्याबरोबर बसली. डॉक्टर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले, मग कॅलेंडरलाच विचारल्यासारखं म्हणाले, "आख़िरी माहवारी कब आई थी?"

विचारायला ते लाजत होते, पण आवाज कारखान्यातलाच होता. बाहेरच्या बाकावर लेखा विभागाचे दोघे रक्तदाब तपासायला बसले होते. पुष्पाने उठून दार लावलं आणि पंखा मोठा केला, आवाजाला आडोसा म्हणून.

शेवटची पाळी कधी आली ते मी आठवून सांगितलं. रात्रीचा घाम, झोप, विसरणं, चिडचिड, धडधड, सगळं सांगितलं. ते ऐकत गेले आणि खुर्चीत खाली खाली जात राहिले. मग त्यांनी माझी परवानगी विचारून आपल्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीला फोन लावला. त्या समता कॉलनीतच स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. फोन कानाला होता, पण त्यांचा आवाजही काही कमी नव्हता.

"उमर इक्यावन, और तुमने माहवारी पूछी ही नहीं?"

"पति का देहांत हुआ था, तो मैंने सोचा..."

"तो पति के जाने से औरत का शरीर रुक जाता है क्या, साहू? भेजो उनको मेरे पास. और तुम भी आना, दो घंटे क्लास लूँगी."

डॉक्टरांनी फोन ठेवला. कपाळाचा घाम पुसला. पुष्पा पदर तोंडात धरून हसत होती.

"सच बोलूँ मैडम? इतने साल में हज़ारों लोग देखे. धूल, गैस, शोर, जलना, कटना, सब पूछना आता है. ये सवाल मेरी आदत में ही नहीं था. वहाँ औरतें थीं भी तो आती नहीं थीं, और मैं पूछता नहीं था."

मी घरी जाण्याआधी एक गोष्ट विचारणं भाग होतं. ती मला वर्तमानपत्राच्या वाऱ्यातच सुचली होती आणि तिने मला गारठवलं होतं. हा सगळा शरीराचा कारभार असेल, तर इतके महिने जे मी यांच्यासाठीचं दुःख म्हणून जपलं, ते काय होतं? मी ते मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं.

डॉक्टरांनी आपली खुर्ची जवळ ओढली. मग त्यांना जमेल तितक्या हळू म्हणाले, "दोनों हैं, मैडम. एक का इलाज है हमारे पास. दूसरा आपका अपना है, उसको हम हाथ नहीं लगाएँगे."

तिथे बसल्या बसल्या मला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

टेबलाची तपासणी

समता कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, आणखी काही तपासण्या करून घेतल्या, आणि सांगितलं की पाळी थांबण्याच्या वाटेवर आहे, त्यात हे सगळं होऊ शकतं, आणि निमूट सोसायची गरज नाही. माझ्यासाठी एक उपचार ठरला. प्रत्येकीचा तोच असेल असं नाही. आणि त्यांनी बजावलं ते मीही बजावते. पाळी वर्षभर थांबून पुन्हा रक्त दिसलं तर 'वयामुळे असेल' म्हणून घरी बसू नका.

औषधाने फरक पडायला वेळ लागणार होता, आणि बदलीचा महिना जवळ आला होता. तेव्हा डॉक्टर साहूंनी ते केलं जे त्यांना खरोखर येत होतं. ते एका जुन्या चामडी पेटीतून उष्णता मोजायचं यंत्र घेऊन आले. एका नळीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. ते त्यांनी माझ्या टेबलावर मांडलं आणि सबंध दुपार मधूनमधून येऊन वाकून पाहत राहिले. मुलांना वाटलं काहीतरी प्रात्यक्षिक चालू आहे.

"भट्ठी वाले से मैंने कभी नहीं पूछा कि तू दुखी है क्या," ते मला म्हणाले. "पूछता था, खड़ा कहाँ होता है? पानी कितनी दूर है? छाँव में जाने की छुट्टी कौन देता है? आपसे मैंने उल्टा पूछ लिया."

मग त्यांनी मला तेच विचारलं. मी सांगत गेले आणि माझं मलाच नवल वाटलं. पिण्याचं पाणी खालच्या मजल्यावर. बायकांचं स्वच्छतागृह इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. बसमध्ये मी इंजिनाजवळ बसायचे, कारण तिथे पुस्तक वाचायला दिवा होता. आणि साड्या. हे गेल्यापासून मी फिक्या रंगाच्या सिंथेटिक साड्या नेसत होते, त्या धुवायला सोप्या म्हणून. पुष्पा मला त्याच शनिवारी पंडरीच्या कापडबाजारात घेऊन गेली आणि आम्ही सुती साड्या घेतल्या. एक गर्द निळी होती. मी नको म्हणत होते.

"दीदी, गरमी रंग नइ देखय," ती म्हणाली आणि दुकानदाराला म्हणाली, "पैक कर दो भैया."

साहेबांच्या खोलीत

संचालकसाहेबांकडे जाताना डॉक्टर दाराबाहेर थांबले.

"क्या बोलना है, क्या नहीं, आप तय करेंगी. आप कहें तो मैं इतना ही बोलूँगा कि टेबल को धूप लगती है. उसमें झूठ कुछ नहीं."

मी तसंच करणार होते. पण आत गेल्यावर साहेब उठून उभे राहिले आणि त्यांनी पुन्हा तोच मायेचा चेहरा केला. मला दिसलं की मी जोवर रडणारी बाई आहे, तोवर हे मला चांगुलपणाने त्या गोदामापर्यंत पोचवणार. माझा आवाज फार लहान आहे. तो मी डॉक्टरांच्या आवाजाइतका नाही, पण त्याच्या निम्म्यापर्यंत नेला.

"सर, मेरा मेनोपॉज चल रहा है. मुझे गर्मी लगती है. मुझे स्टोर में नहीं जाना है, मुझे पंखा चाहिए."

साहेबांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पेपरवेटकडे.

"मतलब... आप रोती नहीं हैं?"

"रोती भी हूँ, सर. वो घर पर. यहाँ काम करती हूँ."

डॉक्टर म्हणाले, "इनका ट्रांसफर मत कीजिए. टेबल का कीजिए. उत्तर की तरफ़."

साहेबांनी पेपरवेट एकदा फिरवला. मग पुढे झुकून, आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "डॉक्टर साहब, इसमें... दोपहर को फ्रिज खोलकर भी खड़े रहते हैं क्या?"

"कौन?" डॉक्टरांनी आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं.

"कोई नहीं, कोई नहीं. ऐसे ही." आणि त्यांनी घंटी वाजवून मोहनभैयांना बोलावलं. "मैडम का टेबल आज ही शिफ्ट करो. और एक टेबल फैन."

साहेबांच्या घरी नंतर नवा कूलर आल्याचं पुष्पाने सांगितलं. पुष्पाला सगळं कसं कळतं हे मी विचारत नाही.

नंतर

टेबल उत्तरेला गेलं. वाचनकक्षाबाहेर पाण्याचा माठ आला. बसमधली माझी जागा दाराजवळची झाली, तिथे वाचता येत नाही, पण वारा लागतो. दवाखान्यात पडदा लागला, आणि डॉक्टर साहूंनी पन्नाशीच्या बायकांना आधी तोच प्रश्न विचारायचा नेम केला. आवाज कमी व्हावा म्हणून ते आता विचारताना तोंडावर हात धरतात. त्यामुळे काहीच ऐकू येत नाही आणि पुन्हा विचारावं लागतं. तरी बायका जातात. लेखा विभागातली एक, वसतिगृहाच्या दोघी, आणि एकदा भाजी निवडता निवडता उठून गेलेली मेसमधली दीदीसुद्धा. मी फक्त आधी बोलले, एवढंच.

घरी मी सासूबाईंना सांगितलं. वाटलं होतं, त्या म्हणतील, असली थेरं आमच्या वेळी नव्हती. त्या वाटीतलं लोणचं चमच्याने हलवत बसल्या.

"मले बी झालतं," त्या म्हणाल्या. "मी तं विहिरीवर जाऊन बसत होती. घागर भरली तरी भरली नाही म्हनत होती. पदर ओला करून डोक्यावर घेत होती. कोनाले सांगनार? तुह्या सासऱ्याले वाटे, सून आली म्हनून बुढीच्या अंगात आलं."

ती सून मीच. तेव्हा नवी होते, आणि सासूबाई माझ्यावर रागावल्या आहेत असं समजून भीत होते. आम्ही दोघी हसत सुटलो. केतकी खोलीतून बाहेर आली, "क्या हुआ?" आणि आजीने तिला पूर्ण गोष्ट पुन्हा सांगितली. केतकीने मध्ये एकदाही मोबाइल पाहिला नाही. शेवटी म्हणाली, "आजी, मग पंखा?" मराठीत म्हणाली. सासूबाईंनी आपली खाट केतकीच्या खोलीत हलवली. आता तिथे दोघींचं पंख्यावरून वाजतं.

मी पूर्ण बरी झाले असं लिहिणार नाही, कारण हा ताप उतरण्यासारखा आजार नाही. गरम होतं, पण आधीपेक्षा कमी. झोप लागते. पुस्तकं पुन्हा हाताला सापडतात. घाम आला की वाचनकक्षात आता कोणी गप्प होत नाही. मोहनभैया न उठता पायानेच पंख्याची दिशा फिरवतात आणि मुलं बोलत राहतात.

गेल्या आठवड्यात दुपारी मी नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. एवढ्यात कपाटांच्या मागून कोणीतरी घसा खाकरला. दोनदा. थोडं थांबून, तसाच.

माझा हात शिक्क्यावरच राहिला. कपाटामागून एक म्हातारे गृहस्थ आले, काहीतरी शोधत होते, मला पाहून पुढे निघून गेले. त्यांचं तोंडही यांच्यासारखं नव्हतं. मी पदर तोंडाला लावला आणि थांबवता येईना.

लगेच धावपळ झाली. मोहनभैयांनी पंखा पूर्ण वेगाने माझ्याकडे केला. कोणीतरी खिडकी उघडली, एका मुलाने माठातलं पाणी आणलं. पुष्पा धावत आली आणि वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालू लागली.

"गरमी चढ़ गे का दीदी? एसी बढ़ाऊँ?"

मी मान हलवली. "नहीं पुष्पा. आज सच में रो रही हूँ."

तिचा हात थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पंख्याकडे.

"हव? त पंखा बंद करूँ?"

"राहू दे," मी म्हणाले. वारा खरंच छान लागत होता. "चालू राहू दे. आणि मोहनभैयांना चहा सांग."